नऊ हात लांब, बारा लुगडी जाड

"इंग्रजीत विशेषण एकटं कधीच घ्यायचं न्हाई! त्याच्यासंगं कोण हाय, ते आधी बघायचं!"

हे सिद्धोधन छातीठोकपणे सांगायचा. ऐकायला कुणी नसलं तर झेरॉक्स मशीनला सांगायचा. वालूरच्या बसथांब्याजवळ त्याचं दुकान. सातबाऱ्याच्या नकला काढता काढता त्यानं इंग्रजी स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं. शाळेत त्याला सहा वर्षं इंग्रजी होतं, पण ते नुसतं होतं. थिक म्हणजे जाड, थिन म्हणजे पातळ, बिग म्हणजे मोठा, घोका आणि बसा खाली! सातवीत त्यानं उभं राहून विचारलं, "सर, मग फॅट म्हणजे काय?" सर म्हणाले, "तेबी जाडच!" आणि हातावर छडी ओढली. छडी मात्र थिन होती. ज्याला उत्तर येत नाही तो छडी उचलतो, हे सिद्धोधनचं त्या दिवसापासूनचं मत. वीस वर्षं झाली, ते खोडून काढायला एकही मास्तर पुढं आलेला नाही.

मग त्यानं दोनशे पानी वही केली. दिसेल त्या वस्तूला विशेषण लावून बघायचं, कुणी इंग्रजी बोलणारा ते तसं लावतो का हे मोबाईलवर तपासायचं, लागलं तर बरोबर, नाही लागलं तर फुली. भिंत थिक. पुस्तक थिक. धुकं थिक, केस थिक आणि वरणसुद्धा थिक! पण माणूस? माणूस थिक म्हटला की फुली; माणूस फॅट. आणि फुगलेलं पाकीट? तेही माणसासारखं फॅट! मोबाईल स्लिम, पण दोरी स्लिम नाही, थिन. रस्ता वाईड, खांदे ब्रॉड. झाड टॉल आणि डोंगर हाय. का? डोंगर काय बसलेला असतो?

"तुमी डोंगराचंच बघा," त्याची बायको नीलम चुलीपाशी म्हणायची. "हितं वरण उतू चाललंय."

"थिक का थिन?"

"तुमचं डोकं हाय तसं!"

एकदा हा वरणाचा मामला त्याची माय सरजाबाई ऐकत होती. मांडीवर वाकळ, हातात सुई. मान वर न करता म्हणाली, "आपलंबी तसंच हाय की रं. वरण घट्ट, केस दाट, वाकळ जाड. वरणाला जाड म्हनलास तर लोकं हसतील."

सिद्धोधननं बोटांवर तिन्ही शब्द मोजले. जिथं आपण तीन माणसं कामाला लावतो, तिथं इंग्रज एकट्या थिकवर भागवतो! आणि हे मायच्या ध्यानात होतं, कधीच शाळेत न गेलेल्या! त्यानं ते वहीत लिहिलं. कुणी सांगितलं ते मात्र लिहिलं नाही. पुढं जे झालं त्याची सुरुवात इथंच झाली, असं आमचं मत आहे.

सरजाबाईच्या हाताला वालुरात तोड नव्हती. मऊ झालेली जुनी लुगडी एकावर एक अंथरून ती असे बारीक टाके घालायची, की मुंगी चालत गेल्यासारखे दिसावेत. पण वाकळीवर घर चालत नाही. म्हणून दरवर्षी सासू-सून दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायच्या. सरजाबाईचे गुडघे आता वेचणीला नाही म्हणत होते, सरजाबाई म्हणत नव्हती. सिद्धोधनला ते बघवेना. त्यानं मोबाईलवर वाकळींचं पान उघडलं, फोटो टाकले, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं : ऑर्डर कृपया इंग्रजीतच द्यावी.

"इंग्रजीत कामून?" नीलमनं विचारलं.

"मराठीत मागितलं की लोकं घासाघीस करतेत. इंग्रजीत मागितलं की थँक्यू म्हणतेत."

खोटं आहे का? सांगा!

दिवाळी झाली आणि पहिला मेसेज आला. राजेश्री नावाच्या कुणा बाईचा, पुण्याहून. एक वाकळ हवी. लार्ज. थिक, पण हेवी नको. बॉर्डर स्लिम. आवडली तर ऑफिसातल्या मैत्रिणींनाही हव्यात. सिद्धोधननं ते सात वेळा वाचलं आणि घरात येऊन जाहीर केलं, "माय, औंदा वेचणी बंद!"

सरजाबाई हुरळली नाही. चाळीस वर्षं तिचा एकच पहिला प्रश्न असायचा, तोच तिनं विचारला. "निजणार कोण हाय?"

सिद्धोधननं इंग्रजीत विचारलं. उत्तर आलं : नाव आत्ता घेता येणार नाही, सॉरी.

सिद्धोधनचे डोळे चमकले. "माय, कुणीतरी मोठा माणूस हाय. नाव गुप्त ठेवायचंय."

"गुप्त? आसं लिवलंय?"

"तसं लिहिलेलं नसलं, तरी त्याचा अर्थ मी सांगायलोय ना!"

मग त्यानं विचारलं, कधीपर्यंत पाहिजे? उत्तर : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येईल, पण नक्की नाही, आधीही येऊ शकतो. कुठं? सेलूला, माझ्या आईकडे. लार्ज म्हणजे किती लार्ज? उत्तर : मोठीच करा, वर्षानुवर्षं वापरेल. तो अजून मोठाच होत जाणार आहे! आणि पुढं हसरा चेहरा.

सिद्धोधननं मोबाईल छातीशी धरला. नाव गुप्त. दौऱ्याची तारीख मागंपुढं. सेलूला मुक्काम. आणि अजून मोठा होत जाणार!

"मंत्री!" तो ओरडला. "राज्यमंत्री हाय, अन कॅबिनेट होणार हाय!"

"कुणाला सांगू नका हं," नीलम म्हणाली.

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. फक्त समोरच्या किराणा दुकानातल्या तात्यारावांना सांगितलं. तात्याराव म्हणजे वालूरमधला सगळ्यात मोठा ऐवज. वहीत त्यांच्यासाठी एक पान राखीव होतं : फॅट, बिग, ब्रॉड, वाईड, सगळ्यांपुढं बरोबरची खूण! तात्यारावांच्या पोटात किलोभर भजी राहायची, पण बातमी राहायची नाही. दुपारपर्यंत पुढारी दिनकरराव दारात हजर.

दिनकररावांकडं देवगाव फाट्याच्या रस्त्याचं एक निवेदन होतं. ते इतक्या वर्षांपासून इतक्या साहेबांना दिलं होतं, की घड्यांवर फाटायला लागलं म्हणून त्यांनी सिद्धोधनच्याच दुकानात त्याला लॅमिनेशन करून घेतलं होतं. दिलं की परत मागून घ्यायचे.

"सिद्धोधनराव, वाकळ द्यायला आमी सोबत येणार. हार आमचा. कामात कसूर नको. गावच्या इज्जतीचा सवाल हाय!"

एरवी त्यांच्या तोंडून 'सिद्ध्या' निघायचं. राव जोडायला मंत्री लागतो.

माप घ्यायची वेळ आली. सरजाबाई माप निजणाऱ्याच्या अंगावर घ्यायची, ही तिची रीत. मंत्री हाताशी नव्हता, म्हणून तात्यारावांना अंगणात आडवं केलं.

"हात पसरा, मामा," सिद्धोधन म्हणाला. "मोठी माणसं आखडून निजत न्हाईत."

"कुशीवर वळायला जागा ठिवा," तात्याराव आभाळाकडं बघत म्हणाले. "दोन्हीकून."

"अन पुढं कॅबिनेट झाल्यावरची वाढ धरा," दिनकररावांनी सुचवलं.

सरजाबाईनं हातानं मोजलं. लांबी नऊ हात, रुंदी सात हात. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सिद्धू, नीट इचारलंस ना रं? येवढी तर आमी खळ्यावर ताडपत्री बी अंथरत न्हाई."

"लार्ज म्हनलीय माय. स्मॉल न्हाई, मीडियम न्हाई. लार्ज!"

मग जाडीचा घोळ. थिक हवी पण हेवी नको! "जाड अन हलकी?" नीलम म्हणाली. "आशी तर म्हस बी नसती!" पण सरजाबाईला ते कळलं. ज्या लुगड्याचं सूत धुऊन धुऊन पिठासारखं मऊ झालंय, तसलीच घ्यायची, आणि जास्त घ्यायची. वाकळीची जाडी ती कधी बोटानं सांगत नसे, लुगड्यांनी सांगायची. ही बारा लुगड्यांची ठरली. तिच्याकडं पाचच होती. उरलेली गावातून आली. मंत्र्याच्या अंगावर आपलं लुगडं, म्हणून बाया पेट्या उपसायला लागल्या. दिनकररावांच्या मंडळींनी तर आपल्या सासूचं दिलं, सासूला न विचारता.

सव्वा महिना सासू-सून टाके घालत होत्या. रानात दुसऱ्यांच्या कापसाची बोंडं फुटून लोंबत होती, बोलावणी येत होती. "औंदा न्हाई जमायचं," असं नीलम ताठ मानेनं सांगायची, आणि आत येऊन हळूच विचारायची, "अहो, आवडंल ना त्यांना? न्हाई आवडली तर वेचणीबी गेली अन हेबी गेलं."

"नीलम, मी एक एक विशेषण तपासून घेतलंय!"

स्लिम बॉर्डरला सरजाबाई म्हणाली, "म्हंजी किनार बारीक." तेवढं एक बरोबर झालं.

विसाव्या तारखेला वाकळ निघाली. गुंडाळी केली तर ओसरीतून निघेना, घडी केली तर दारातून निघेना. शेवटी भिंतीवरून उतरवली. तालुक्याला कापूस नेतो तो 'छोटा हत्ती' टेम्पो बोलावला. मागं वाकळ, वाकळीवर तात्याराव, बाजूला सरजाबाई आणि नीलम. पुढं ड्रायव्हरजवळ दिनकरराव, मांडीवर हार आणि निवेदन, आणि त्यांच्या दाराकडच्या बाजूला अर्धा बाहेर सिद्धोधन.

वाटेत सिद्धोधननं वही काढली. छोटा हत्ती! स्मॉल, पण हत्ती! म्हणजे छोटा हत्ती मोठ्या बैलापेक्षा मोठा, आणि मोठी मुंगी छोट्या उंदरापेक्षा छोटी. म्हणजे मोठं-छोटं हे स्वतःचं काहीच नसतं, ते कशाचं आहे त्यावर ठरतं! केवढा शोध! त्यानं दोनदा अधोरेखित केलं आणि वही मिटली. त्याच्या पाठीमागं नऊ हात वाकळ पडली होती, पण मागं वळून बघायचं त्याला सुचलं नाही. शहाण्या माणसाचं असंच असतं. शोध लागतो, उपयोग होत नाही.

सेलूत राजेश्रीच्या आईचं घर एका अरुंद आळीत होतं. टेम्पो तोंडाशीच थांबला. तात्याराव आणि ड्रायव्हर यांनी वाकळ खांद्यावर घेतली, दिनकररावांनी टोपी नीट केली, सिद्धोधननं कडी वाजवली. दार उघडलं ते साठीच्या बाईंनी. या राजेश्रीच्या आई, नर्मदाबाई.

"साहेब आले का?" दिनकररावांनी हार पुढं केला.

"कोन साहेब?"

तेवढ्यात मागून एक हात चौकटीवर आणि दुसरा कमरेवर ठेवून राजेश्री आली. आली म्हणण्यापेक्षा, आधी तिचं पोट आलं, मग ती. नऊ महिने पुरे भरलेले! पहिलं बाळंतपण, माहेरी!

वाकळीचा पुढचा पदर तात्यारावांच्या हातून सुटला आणि ती उलगडत गेली, एका दारापासून तिसऱ्या दारापर्यंत.

"दादा," राजेश्री सावकाश म्हणाली, "हे काय आहे?"

"मॅडम," सिद्धोधननं मोबाईल पुढं केला, "लार्ज."

सरजाबाईनं एकदा राजेश्रीच्या पोटाकडं बघितलं, एकदा लेकाकडं. "आगं माय माय! बाळाची वाकळ सांगितली व्हय!"

"शूऽऽ! नाव काढू नका!" नर्मदाबाई किंचाळल्या. "यायच्या आधी त्याचं काही घरात आनत नसतेत! राजे, तू सांगितलंस? मला न इचारता?"

"म्हणून तर नाव घेतलं नाही ना, आई! नुसतं लार्ज म्हटलं. दुपटी दोन असतात ना, मांडीवरचं लहान अन पाळण्यातलं मोठं. म्हटलं, आणून समोरच्या कुसुमबाईंकडं ठेवतील गुपचूप." राजेश्री सिद्धोधनकडं वळली. "अन दादा, मी सेलूचीच आहे. मराठीतच लिहिणार होते. पण तुमच्या पानावर लिहिलं होतं, इंग्रजीतच!"

सिद्धोधनला आळी गोल फिरताना दिसली. पण इज्जतीची वस्तू रस्त्यात धूळ खात होती. त्यानं वाकळीचं एक टोक उचललं आणि पायरीवर पाय ठेवला.

"आत आनू नका!" नर्मदाबाई दोन्ही हात आडवे करून उभ्या राहिल्या. "उंबऱ्याच्या आत न्हाई यायची!"

आणि सिद्धोधनच्या डोक्यात जाळ झाला. ही आळी त्याला ठाऊक होती. त्याची आजी, मायची माय, इथं वाकळा घेऊन यायची आणि पायरीच्या खाली उभी राहायची. लहानपणी सरजाबाईसुद्धा तिच्यासोबत तशीच उभी राहिली होती. हे त्यानं घरात शंभर वेळा ऐकलं होतं.

"कामून न्हाई यायची आत?" तो गरजला. "हातात मोबाईल नवा, अन उंबरा तोच जुना व्हय? आमच्या हातचं अंगावर चालतं, अन..." आणि पुढं राग मावेना म्हणून तो इंग्रजीत गेला. काय बोलला ते आळीला कळलं नाही, पण तात्याराव सांगतात, त्यात एकही विशेषण लहान नव्हतं.

नर्मदाबाई चकित होऊन बघत राहिल्या. "आरं बाबा, तुमाला कोन नको म्हनलं? तुमी या की आत. च्या ठिवते. या ओ बाई, बसा गादीवर. वाकळ तेवढी भाईर राहू द्या, बाळ येईस्तवर!"

सिद्धोधनचा पाय पायरीवर तसाच राहिला. तो मायकडं बघायला लागला.

सरजाबाई हसत होती. नुसती नाही, डोळ्याला पदर लावून हसत होती. "आजवर माही वाकळ आत जायची अन मी भाईर राहायची. आज वाकळ भाईर अन मी आत! होऊ दे की रं एकदा उलटं!"

आणि ती चपला काढून उंबरा ओलांडून आत गेली. थेट गादीवर बसली.

"माय, आपण असलं मानत न्हाई," सिद्धोधन आत येत पुटपुटला. "बाळाआधी वाकळ आणली तर काय होतंय? थोतांड सगळं."

"मी बी मानत न्हाई. पन ती मानती, अन वाकळ तिची हाय. गप च्या पी." मग ती त्याच्याकडं झुकली. "ती काय म्हनली होती? आत्ता तरी तिच्या शब्दांत सांग. तुह्या न्हाई."

"नाव आत्ता घेता येणार न्हाई, म्हनली. येईल तवा येईल, आईच्या घरी. अन मोठाच होत जाणार हाय."

सरजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आरं भाड्या! चाळीस वर्सं ह्या बाया मला असंच सांगायल्यात! निजणाऱ्याचं नाव घेतलं न्हाई, की समजायचं बाळ हाय. हे आडाणी मानसाला कळतंय! तू मला अर्थ कामून सांगत बसलास? शब्द सांगायचे की नुसते!"

सिद्धोधननं चहा बशीत ओतला आणि बशीत तोंड लपवलं.

बाहेर दिनकरराव हार घेऊन उभेच होते. घालावा कुणाला? शेवटी तो छोट्या हत्तीला घातला. निवेदन मात्र त्यांनी राजेश्रीच्या हातात दिलं. "ताई, पोरगं झालं न पोरगी झाली, मोठं झाल्यावर द्या त्याला. तवर काही रस्ता होत न्हाई." या खेपेला परत मागितलं नाही.

वाकळ कुसुमबाईंकडं राहिली. म्हणजे कुसुमबाईंच्या घरात वाकळ नव्हे, वाकळीत कुसुमबाईंचं घर. सहाव्या दिवशी बाळ आलं. मुलगी, दोन किलो तीनशे ग्रॅम! वाकळ वाजतगाजत उंबऱ्याच्या आत गेली, पूर्ण खोलीभर अंथरली गेली, आणि मधोमध ती पोर ठेवली. सेलूच्या रिकाम्या मोंढा बाजारात कापसाचं एकच बोंड पडावं, तशी! राजेश्रीनं स्टुलावर चढून फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला.

वालुरात चार दिवस असेच गेले. नीलमनं कापूस वेचायची ओटी झटकून खुंटीला लावली होती, पुन्हा रानात जायच्या तयारीनं. पाचव्या दिवशी दुकानात मोबाईल वाजायला लागला, तो थांबेना. पुण्याहून, नाशिकहून, कुठून कुठून. आम्हाला हुबेहूब हीच वाकळ पाहिजे. लार्ज. थिक. बॉर्डर स्लिम. सव्वीस जणींना!

"नीलम! माय!" सिद्धोधन मोबाईल घेऊन घरात धावत आला. त्याची बोटं शिवशिवायला लागली. त्यानं लिहायला घेतलं, लार्ज फॉर...

सरजाबाईनं हातातून मोबाईल काढून घेतला. नीलमनं बोलायचं बटण दाबून दिलं, आणि सरजाबाई मोबाईलला तोंडाशी धरून, पलीकडच्या शेतात ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "निजणार कोन हाय, तेवढं सांगा. नाव घ्यायचं नसलं तर नका घेऊ. मला कळतंय."

नीलमनं ओटी खुंटीवरून काढली आणि तिच्यात दोरे, सुया भरल्या.

पानावरची ती ठळक ओळ सिद्धोधननं त्याच दिवशी खोडली. आता तिथं लिहिलंय : ऑर्डर बोलून द्यावी, माय ऐकते. वहीतही त्यानं एक नवी नोंद केली, आणि या खेपेला कुणी सांगितलं तेसुद्धा लिहिलं. लार्ज : पुढं बरोबरची खूणही नाही, फुलीही नाही. नुसतं, 'घरी विचारणे.'

वही अजून चालू आहे. परवा तात्याराव सांगत होते, त्यांच्या पानावरचं 'बिग' त्यानं खोडलंय. कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, नक्की सांगता येत न्हाई. तुमी कशाच्या मानानं?"